जावयाला गोळ्यांचा आहेर

सकाळी सहा ते सव्वासात एवढ्या वेळात कल्याण पाच वेळा संडासात जाऊन आला, आणि पाचही वेळा त्यानं आतला नळ पूर्ण सोडून ठेवला. आतला आवाज आईच्या कानावर जाऊ नये, एवढाच हेतू. जालन्यात मे महिन्यात नळ असा मोकळा सोडणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर फार मोठ्या अडचणीत. कल्याण वेडा नव्हता. एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या प्लांटमध्ये तो पॅकिंगचा सुपरवायझर होता, आणि लेबल वाचल्याशिवाय पिशवीला हात लावायचा नाही असा त्याचा तिथं खाक्या होता. पण आदल्या संध्याकाळी प्लांटच्या गेटबाहेर त्यानं तीन प्लेट पाणीपुरी खाल्ली होती, आणि वरचं पाणी फुकट मिळतं म्हणून दोन वाट्या ते प्यायला होता. पाणीपुरीवर लेबल नसतं.

एरवी त्यानं सरळ सुट्टी टाकली असती आणि दिवसभर कण्हत पडून राहिला असता. आज ती सोय नव्हती. आज त्याला सासुरवाडीला धोंडे जेवायला जायचं होतं. अधिक महिना आला की जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून त्याला खाऊ घालायचे, कपडे, चांदीचा दिवा द्यायचा, ही आपल्याकडची रीत. त्यात कल्याणच्या लग्नाला वर्षच झालेलं, म्हणजे हा पहिलाच धोंड्याचा महिना. पहिल्या धोंड्याला जावई आला नाही, तर गावात त्याची चर्चा पुढचा अधिक महिना येईपर्यंत चालते.

आणि इथं नुसत्या चर्चेचा प्रश्न नव्हता. लग्नाच्या मांडवात कल्याणच्या आईच्या भावाला, सर्जेरावांना, फेटा बांधायचा राहून गेला होता. सर्जेराव न जेवता निघून गेले, आणि त्या दिवसापासून कल्याणची आई गिरिजाबाई आणि सासरे कारभारी यांच्यात बोलणं नव्हतं. त्या फेट्यापायी शालू, म्हणजे कल्याणची बायको, वर्षभरात फक्त एकदा माहेरी गेली होती. यंदा धोंड्याच्या निमित्तानं ती तीन दिवस आधी गेली, तेव्हा गिरिजाबाईंनी मुलाला बजावलं होतं, "जा. पण त्या घरून अर्धपोटी उठून आलास, तं मी समजून घेईन की तुहा बी मान ठिवला न्हाई त्यांनी. मंग शालूचं माहेर बंद." तिकडं कारभारींनी मुलीला सांगितलं होतं, "जावई ताटात नुसते चिवडत बसले, तं मी समजून घेईन की आईनं शिकवून पाठवलंय. मंग पुन्हा बोलावणं न्हाई."

थोडक्यात, शालूचं माहेर आता कल्याणच्या पोटावर अवलंबून होतं, आणि त्या पोटात सकाळपासून काहीही टिकत नव्हतं.

आईनं पुढं केलेला चहा कसाबसा संपवून त्यानं मोटारसायकल काढली आणि आधी औषधाच्या दुकानात गेला. दुकानदारानं चार गोळ्या कापून दिल्या आणि त्या देताना जे सांगायचं ते सगळं सांगितलं. "आत्ता दोन घ्या. परत झालं तरच एक. दिवसात चारच्या वर बिलकुल न्हाई. ताप आला, रक्त दिसलं, तं गोळी बंद करून सरळ डॉक्टरकडं. आन् खरं औषध हे हाय." त्यानं मीठ-साखरेचं पाकीट पुढं सरकवलं. "लिटरभर पाण्यात आख्खं कालवायचं आन् घोट घोट पीत ऱ्हायचं."

कल्याणनं "दोन घ्या" एवढं नीट ऐकलं. दोन गोळ्या तिथंच गिळल्या आणि पाकीट डिकीत टाकलं. पाण्याच्या बाबतीत त्याचं स्वतःचं एक शास्त्र होतं. वरून काही टाकलंच नाही, तर खालून येणार कुठून? असं शास्त्र मांडणारी माणसं आपल्याकडे घरटी एक असतात आणि उन्हाळ्यात दवाखाने त्यांच्याच जिवावर भरतात.

अंबडच्या पुढं त्याला एकदा उसात उतरावं लागलं. तिसरी गोळी तिथं गेली. मोटारसायकलची हीच एक सोय, थांबवायला ड्रायव्हरची विनवणी करावी लागत नाही.

दहाच्या सुमारास तो घनसावंगीच्या पुढच्या गोदाकाठच्या त्या गावात पोचला. दारात रांगोळी, सासूबाई दुर्गाबाईंच्या हातात ओवाळायचं ताट, सासरे कारभारी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. शेजारच्या चुलत सासू कांताबाई सकाळपासूनच ओट्यावर बसून होत्या. मेव्हणी अक्षता मोबाइलवर सगळं टिपत होती. आणि शालू मागं उभी राहून नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. तोंड पार उतरलेलं होतं.

संडास अंगणात होता, फाटकाला लागून, ओट्याच्या अगदी समोर. पत्र्याचं दार असं करकरायचं की चार घरं पलीकडं कळावं. शिवाय जाताना ओट्याजवळच्या हौदातून बादली भरून घ्यावी लागायची. पहिल्या खेपेला कल्याण "पाय धुतो" म्हणाला. दुसऱ्या खेपेला त्यानं मोबाइल उंच धरला.

"रेंज येईना इथं. जरा पाहून येतो," असं म्हणत तो एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन निघाला. रेंज शोधायला बादली लागते हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. पण पहिल्या धोंड्याच्या जावयाला विचारणार कोण? साडेअकरापर्यंत त्यानं तीनदा रेंज शोधली.

ओट्यावर बसलेल्या पाचही जणांना सगळं समजलं होतं. पण बोललं कुणीच नाही. धोंड्याच्या दिवशी जावयाला जुलाब लागलेत, हे वाक्य तोंडातून काढायचं म्हणजे गावाला आमंत्रण द्यायचं. गाव काय, जुलाब आधी लागले की जेवण आधी झालं याचा हिशेब करत नाही. तेव्हा प्रत्येकानं मनाशी ठरवलं, की हे प्रकरण आपणच गुपचूप मिटवायचं. जीव लावणाऱ्या माणसांनी गुपचूप काही ठरवलं की माझ्या तरी छातीत धस्स होतं.

पहिली हालचाल शालूनं केली. तिनं नवऱ्याला आतल्या खोलीत बोलावलं.

"अहो, खरं सांगा. पोट बिघडलंय ना?"

"जरासं."

"गोळी घेतली का काही?"

इथं कल्याण चुकला. तीन घेतल्या म्हणावं, तर प्रकरण जरासं नाही हे तिला कळणार. ती घाबरून बापाला सांगणार, बाप जेवणच रद्द करणार, आणि आईला आयतं कारण मिळणार. एवढा विचार त्यानं एका क्षणात केला आणि म्हणाला, "न्हाई."

शालूनं पर्समधून हिरव्या पाकिटातल्या दोन गोळ्या काढून हातावर ठेवल्या. कल्याणनं पाहिलं, सकाळच्या पाकिटाचा रंग पांढरा होता आणि नावही वेगळं होतं. म्हणजे हे औषध वेगळं. एकच वाण चार रंगांच्या पिशव्यांत भरण्यात ज्याची नोकरी चालली होती, त्या माणसानं हा निष्कर्ष काढला आणि गोळ्या घोटभर पाण्याबरोबर गिळल्या.

खोलीबाहेर अक्षता उभीच होती. ती बारावी सायन्सला होती आणि मेडिकलच्या परीक्षेचा फॉर्म भरल्या दिवसापासून घरात सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे.

"दाजी, लाजू नका. किती वेळा झालं?"

"दोनदा."

"ताप? पोटात कळ? रक्त?"

"न्हाई, न्हाई, न्हाई."

"बराबर," अक्षता म्हणाली आणि वहीच्या कागदात बांधलेल्या दोन गोळ्या तिनं त्याच्या हातात कोंबल्या. "घेऊन टाका. आन् बाबांना सांगू नका, पेशंट पाहून राह्यली का अभ्यास करून राह्यली म्हणतील." तिनं सगळे प्रश्न विचारले होते. याआधी काय काय घेतलं, हा एवढा एक राहिला.

दुर्गाबाईंची अडचण जास्त नाजूक होती. जावयाशी पोटाबद्दल बोलायची त्यांना लाज वाटत होती. म्हणून त्यांनी कपाटातल्या दोन गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, तांब्याभर ताकात कालवल्या, वर जिरेपूड आणि कोथिंबीर टाकली आणि पेला भरून पुढं केला. कल्याणला पहिल्याच घोटाला कडवट लागलं. तरी पाण्याला आधीच नको म्हटलेलं, आता ताकाला तरी नाही कसं म्हणायचं, म्हणून तो म्हणाला, "मामी, ताक लई झकास झालंय."

"घरच्या म्हशीचं हाय," दुर्गाबाई समाधानानं म्हणाल्या आणि पेला पुन्हा भरला.

मग कारभारींनी त्याला नवा बैल दाखवायला गोठ्याकडं नेलं. बैलाकडं त्यांनी स्वतःही पाहिलं नाही.

"पाव्हणं, बायामाणसांत बोलता येत न्हाई. माह्या सगळं ध्यानात आलंय." त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "किराण्यावाल्याकडून आणल्यात. मागच्या सप्त्याच्या पंगतीत अर्ध्या गावाचं पोट बिघडलं व्हतं, ह्याच गोळीनं ताळ्यावर आलं. घ्या, दोन्ही घ्या."

"मामा, मी जरा..."

"माह्यासमोर घ्या. तुमी नीट जेवले न्हाई, तं तुमच्या आईसाहेब आमच्या पोरीला पुन्हा पाठवणार न्हाईत. मला काही कळत न्हाई व्हय?" कारभारींनी पुडी कल्याणच्या हातावर रिकामी केली. त्यानं दोन्ही गोळ्या कोरड्याच गिळल्या.

परत येताना कांताबाईंनी त्याला कुंपणावरूनच थांबवलं आणि ओवा घातलेल्या गुळाचा खडा तोंडात भरवला. "चावू नका, गिळा," त्या म्हणाल्या. त्यांच्या डब्यात एकच गोळी शिल्लक होती, ती त्यांनी खड्यात बसवली होती.

साडेबाराला पंगत बसली आणि चमत्कार झाला. कल्याणचं पोट एकदम गप्प झालं. त्यानं पहिला धोंडा भीतभीत खाल्ला, दुसरा जरा धीरानं, आणि मग तुपाची धार चालू झाली. चार, पाच, सहा. दुर्गाबाई आग्रह करत होत्या, कारभारी मोजत होते, आणि कल्याण शालूच्या चेहऱ्याकडं बघून खात होता. सात धोंडे खाऊन त्यानं हात धुतला, तेव्हा शालूच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरात त्या वेळी पाच माणसं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होती. शालूनं नवऱ्याला डोळ्यांनीच खुणावलं. अक्षतानं लांबून अंगठा दाखवला. दुर्गाबाई रिकाम्या ताकाच्या तांब्याकडं मायेनं पाहत होत्या. कारभारींनी विचारलं, "पाव्हणं, आता रेंज?"

"आता बरी हाय," कल्याण म्हणाला. पण बोलताना त्याची जीभ टाळूला चिकटत होती.

तीनच्या सुमारास आहेराला बसवलं. पाटावर कल्याण आणि शालू, समोर ताटात कपडे, चांदीचा दिवा, अनारसे. दुर्गाबाईंनी जावयाला कुंकू लावलं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. भक्तीनं मिटले असतील असं त्यांना वाटलं. त्यांनी टॉवेल-टोपी दिली, टोपी घातली, तरी डोळे मिटलेलेच. मग टोपीसकट जावई हळूहळू डावीकडं कलायला लागला आणि शालूच्या खांद्यावर जाऊन थांबला.

"अहो? अहो!" शालूनं हलवलं. कल्याणनं डोळे अर्धवट उघडले, काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा मिटले. ओठ कोरडे पडले होते, आणि शर्टाच्या गुंड्या ताणल्या जाव्यात एवढं पोट टम्म फुगलं होतं.

"जावईबापू!" दुर्गाबाई अशा ओरडल्या की गोठ्यातला नवा बैल उठून उभा राहिला.

"अशक्तपणा हाय, पोट खराब व्हतं सकाळपासून," कारभारी घाईघाईनं म्हणाले, आणि त्यांचा हात खिशात गेला. त्याच क्षणी शालूचा हात पर्समध्ये गेला, अक्षताचा वहीत, दुर्गाबाईंचा कमरेच्या पिशवीत. कांताबाईंनी शेजारून उसनी आणलेली गोळी पदराच्या गाठीतून सोडली. आणि निपचित पडलेल्या जावयाच्या तोंडापुढं चारी बाजूंनी पाच हात आले. पाचही हातांवर एक एक गोळी.

पाचही जण एकमेकांच्या हाताकडं बघत राहिले.

"तुमी बी?" कारभारींनी बायकोला विचारलं.

"ताकात," दुर्गाबाई म्हणाल्या.

"किती?"

"दोन. तुमी?"

"दोन."

"मी दोन दिल्या," शालू म्हणाली. अक्षतानं दोन बोटं वर केली. कांताबाईंनी एक. मग अक्षतानं कल्याणच्या खिशातलं कापलेलं पाकीट बाहेर काढलं. त्यात चारपैकी एकच गोळी उरली होती.

"बारा," ती म्हणाली. मेडिकलच्या अभ्यासातलं तिला त्या वेळी फक्त एवढंच येत होतं.

कारभारी उठले, अनवाणीच स्टँडकडं धावत गेले. सीट भरल्याशिवाय एक इंच न हलणारी घनसावंगीची जीप त्या दिवशी चार माणसांना खाली उतरवून हलली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर संध्या खरात ड्यूटीवर होत्या. मूळच्या वाटूरच्या, वय तिशीच्या आत, आणि आवाज असा की कारभारींसारखा माणूसही गप्प उभा राहिला. त्यांनी आधी कल्याणची नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग सिस्टरला ईसीजी काढायला सांगून त्या वळल्या.

"काय दिलं होतं यांना?"

पाचही जणांनी एकदम बोलायला सुरुवात केली. डॉक्टरांनी हात वर केला. "एकेक जण. नाव सांगा आणि पाकीट दाखवा."

पाकिटं टेबलावर आली. पांढरं, हिरवं, वहीच्या कागदातलं निळं, दुर्गाबाईंच्या कपाटातलं पिवळं, किराण्यावाल्याच्या पुडीतलं चंदेरी. कांताबाईंचं पाकीट तारखेच्या बाजूनं कापलेलं होतं. "सुनेच्या पहिल्या बाळंतपणातली हाय," त्या म्हणाल्या. नातू आता दुसरीत होता. डॉक्टर एकेक पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचत होत्या, एका कागदावर लिहीत होत्या, आणि प्रत्येक ओळीबरोबर त्यांचा चेहरा बदलत होता.

"हे एकच औषध आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "नावं वेगळी, रंग वेगळे, आत औषध एकच. यांनी स्वतः आणि तुम्ही पाच जणांनी मिळून यांच्या पोटात एकच औषध घातलंय. बारा गोळ्या."

"आवो पण बाई, जुलाबाचीच तं गोळी हाय," कारभारी म्हणाले. "साधी. किराण्यात मिळती."

"काका, किराण्यात उंदराचं औषध पण मिळतं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ही गोळी आतड्याचं काम मंद करते. मोठ्या माणसानं आपल्या मनानं घेतली, तर पहिल्यांदा दोन, मग परत जुलाब झाला तर एक, आणि दिवसात चारच्या वर नाही. लहान लेकराला तर आपल्या मनानं द्यायचीच नाही. जास्त झाली की आतडं बसतं, माणूस गुंगीत जातो. आणि खूपच झाली, तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून ही पट्टी काढून राह्यलो आपण."

हृदय म्हटल्याबरोबर कारभारी बाकड्यावर बसले. दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला. जुलाबाच्या गोळीचा रस्ता हृदयापर्यंत जातो, हे त्या दोघांना साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. "माह्या हातानं," दुर्गाबाई पुटपुटत होत्या, "कोथिंबीर टाकून दिली मी माह्या हातानं."

"पाणी किती प्यायलेत सकाळपासून?" डॉक्टरांनी विचारलं. कुणालाच सांगता येईना. कारभारींना डिकीतलं पाकीट माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो गुंगीत होता. "गोळ्या बारा आणि पाणी नाही. जुलाबात माणूस पाण्यावाचून मरतो, काका, गोळीवाचून नाही."

ईसीजीची पट्टी आली. डॉक्टरांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "सध्या ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सलाइन लावू. उद्यापर्यंत इथंच राहतील, थोड्या थोड्या वेळानं पट्टी काढत राहू. घरून कुणी काही आणायचं नाही. ताक तर नाहीच."

सलाइन अर्धं संपलं तेव्हा कल्याणनं डोळे उघडले. समोर शालू होती, आणि तिचा धीर तिथं सुटला.

"मी इचारलं व्हतं ना, गोळी घेतली का म्हणून? न्हाई काहून म्हणले? काहून?"

"तुहं माहेर बंद झालं असतं," कल्याण कोरड्या जिभेनं म्हणाला.

"काय करू मी त्या माहेराला? तुमाला काही झालं असतं तं कोणाच्या संगं जाणार व्हते मी माहेरी?" ती रडायला लागली. कारभारी भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांचेही खांदे हलत होते, पण ते कुणी पाहिलेलं नाही असं सगळ्यांनी ठरवलं.

आणि तेवढ्यात कल्याणचा मोबाइल वाजला. स्क्रीनवर 'आई'.

शालूचं रडणं जागच्या जागी थांबलं. कुणीच फोन उचलेना. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. फेट्यापायी वर्षभर बोलणं टाकणारी बाई, एकुलत्या एका मुलाच्या पोटात सासुरवाडीच्या गोळ्या गेल्या हे ऐकून काय करेल, याचा अंदाज प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होता. शेवटी कारभारींनी हात पुढं केला. "आणा हिकडं. माह्या घरी झालंय, मीच सांगतो." त्यांनी बटण दाबताना चुकून स्पीकर चालू केला.

"कल्या! आरं जेवलास का? पोट कसं हाय?"

"इहीणबाई, मी कारभारी बोलतोय."

गिरिजाबाई तो आवाज वर्षानं ऐकत होत्या.

"मोठा गुन्हा झाला आमच्याकडून," कारभारी म्हणाले, आणि त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. ताक सांगितलं, गूळ सांगितला, स्वतःच्या दोन तर आधी सांगितल्या. बारा हा आकडाही सांगितला. "डॉक्टरीणबाई म्हणत्यात आता धोका न्हाई दिसत. पण चूक आमची हाय. तुमी शालूला काही बोलू नका. मला काय बोलायचं ते बोला."

दुर्गाबाईंनी डोळे मिटून घेतले. शालूनं सलाइनची दांडी घट्ट धरली.

"इवाई," गिरिजाबाईंचा आवाज आला, पण हा आवाज या घरानं कधी ऐकलेला नव्हता. "धोका न्हाई ना नक्की?"

"न्हाई."

"मंग एक सांगू का? रागावू नका. पोरगं सांगत नव्हतं, पण माह्या पोराचं पोट मला कळत न्हाई व्हय? आज तुमच्याकडं त्याची फजिती नको म्हणून सकाळी त्याच्या चहात मी दोन टाकल्या व्हत्या. कुटून."

कारभारींनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं पाहिलं. मग कल्याणकडं पाहिलं. कल्याण आ वासून छताकडं बघत होता. कारभारींच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरली, आणि वर्षभरात नव्हती अशी ऐट तिथं आली.

"मपलं चुकलंच, इवाई," गिरिजाबाई रडवेल्या आवाजात म्हणत होत्या. "तुमी तं नंतर दिल्या. सुरुवात मीच केल्ती."

"छ्या, छ्या, इहीणबाई," कारभारी खणखणीत आवाजात म्हणाले. "तुमी काहून वाईट वाटून घेता? पहिला मान वरमाईचाच असतोय."

फोनमध्ये गिरिजाबाई हसायला लागल्या. हसता हसता पुन्हा रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "शालूला म्हणावं, महिनाभर ऱ्हाय तिकडं. मी बी येते सकाळच्या गाडीनं."

"या ना, बिलकुल या. फक्त रिकाम्या हातानं या."

डॉक्टर संध्या खरात दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. "चौदा?" त्या ओरडल्या. "सिस्टर, ती मशीन परत आणा!" त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि बारा खोडून चौदा केलं. खाली त्यांची सही झालेली असल्यामुळं नवं नाव लिहायला तिथं जागा उरली नव्हती. मग यादीच्या डोक्यावर, शालूच्या आणि स्वतः कल्याणच्याही वर, त्यांनी लिहिलं: आई, दोन.

कारभारींनी खिशातून चष्मा काढला, वाकून ते नाव सगळ्यांत वर असल्याची खात्री करून घेतली आणि फोनमध्ये गिरिजाबाईंना तसं कळवलं.